आधी नाडी पाहा, मग उत्तर द्या

आपल्या या आरोग्याच्या पानावर नेहमी रक्तदाब, साखर, बाळंतपण, लसीकरण असे विषय असतात. या वेळचा विषय मोबाईलवर अनोळखी माणसांशी होणाऱ्या वादांचा आहे. काही भगिनी विचारतील, "सिस्टर, याचा आरोग्याशी काय संबंध?" संबंध आहे. मला तो एका लेकराच्या कानामुळे कळला. त्यात माझीच चूक होती, म्हणून आधी तीच सांगते.

नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. तेव्हा मी जठारपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला होते. २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची होती. त्याच वेळी मोबाईलवर उलटसुलट मजकूर फिरू लागला. कोणी म्हणे या सुईने पुढे मूल होत नाही, कोणी म्हणे पोरं बेशुद्ध पडतात. काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नाही. मी आमच्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. दोन-अडीचशे माणसे, त्यातली निम्मी माझ्यासाठी नुसते नंबर.

एका रात्री एका अनोळखी नंबरावरून मजकूर आला, "माह्या पोराले हे सुई मी देनार नाही. मोठीच्या वक्ताले काय झालं ते मले माहीत हाय."

मी बारा तासांची ड्युटी करून आले होते, पाय दुखत होते. मी लगेच लिहिले, "तुमच्यासारख्या अडाणी बायांमुळेच वस्ती मागे राहते. थोडं शिकला असता तर पोराचं भलं झालं असतं." पाच मिनिटांत खाली अंगठे आले, हसणारे चेहरे आले. एकाने लिहिले, "सिस्टर, जबरदस्त." दहा मिनिटांनी ती बाई ग्रुपमधून निघून गेली. मी समाधानाने झोपले. वाटले, आपण अंधश्रद्धेला चपराक दिली.

चार वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगावात गोवराने लहान मुले दगावल्याच्या बातम्या येत होत्या. तोवर मी नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करू लागले होते. लस राहिलेल्या मुलांची यादी करत आशाताईंबरोबर घरोघरी फिरत होते. एका घरात तिशीची बाई दारातच थबकली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी त्याच सिस्टर ना? ग्रुपवर मले अडाणी म्हनलं होतं. तुमचा फोटो होता ना पांढऱ्या ड्रेसमधला."

मला काय बोलावे सुचेना. तिनेच बसायला सतरंजी टाकली, पाणी दिले आणि सांगू लागली. तिची मोठी मुलगी दीड महिन्याची असताना मांडीत सुई दिली होती. तिथे गाठ झाली, गाठीत पू झाला. पोर रात्रंदिवस रडायची. जिथे सुई दिली तिथेच ती मुलीला घेऊन गेली, तर तिला सुनावले गेले, "घरात घाण ठेवता, म्हणून पिकलं." गाठ कोणी नीट पाहिलीसुद्धा नाही. शेवटी उसने पैसे काढून दुसरीकडे चिरा देऊन पू काढावा लागला. ती म्हणाली, "सिस्टर, मी सुईच्या विरोधात नव्हती. मले फक्त इचारायचं होतं का पुन्हा तसंच झालं तं कोनाकडं जाऊ. पन तुमी त मले सांगून टाकलं मी कोन हाय ते."

धाकट्याला तिने लस दिली नाही. पुढच्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला गोवर झाला. ताप, लाल डोळे, अंगभर पुरळ, मग छातीत न्यूमोनिया. आठ दिवस दवाखान्यात काढले. पोर वाचले, पण कान फुटला आणि कित्येक महिने वाहत राहिला. आज त्याला एका कानाने फार कमी ऐकू येते. मी त्याला नाव विचारले, तेव्हा आईने त्याला खांद्याला धरून वळवले आणि म्हणाली, "इकडून बोला."

मी नीट विचारले असते तर तिने लस दिली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिने लिहिलेल्या दोन वाक्यांपैकी मी एकच वाचले होते, हे मात्र खरे आहे. "देणार नाही" हे वाचले. "मोठीच्या वेळी काय झालं" हे वाचलेच नाही. रोग पहिल्या वाक्यात दिसत होता, कारण दुसऱ्या वाक्यात होते. वॉर्डात मी असे कधीच केले नसते. पोटात दुखते म्हणून आलेल्या माणसाला आम्ही विचारतो, कुठे दुखते, कधीपासून, आधी असे झाले होते का. नाडी पाहतो, ताप पाहतो, मग पुढचे. मोबाईलवर मात्र मी नाडी न पाहताच निदान केले आणि निदानही काय, तर "अडाणी".

एक गोष्ट आणखी बोचते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. माझी आई लोकांच्या घरी भांडी घासून मला नर्सिंगच्या डिप्लोमापर्यंत घेऊन गेली. ते शिक्षण मी आपल्याच एका भगिनीला खाली पाडायला वापरले. "शिका" हा शब्द दुसऱ्याला हिणवण्यासाठी नव्हता.

असे का होते?

समोरासमोर ही बाई मला भेटली असती, तर मी तसे बोलले असते का? नसते बोलले. तिच्या चेहऱ्यावरची भीती दिसली असती, कडेवरचे पोर दिसले असते. मोबाईलवर चेहरा नसतो, आवाज नसतो, डोळ्यांतले पाणी नसते. दिसते फक्त एक वाक्य. आपण त्या वाक्यालाच पूर्ण माणूस समजतो. शिवाय ग्रुपवर आपण फक्त त्या माणसाशी बोलत नसतो, बघणाऱ्यांसाठीही बोलत असतो. टाळ्या मिळतात, आणि मग माणसाला समजावणे मागे पडून त्याला हरवणे पुढे येते.

शरीरातही काही घडत असते. कोणी अपमान केला की अंगावर कुत्रा धावून आल्यासारखे शरीर सावध होते. ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो, तोंड कोरडे पडते. कुत्रा मागे लागला तर आपण पळतो, आणि तो गेला की शरीर शांत होते. मोबाईलवरचा वाद मात्र संपत नाही. दर दोन मिनिटांनी पुन्हा टिंग वाजते. ताणाची संप्रेरके रक्तात फिरत राहतात. ती रक्तदाब वाढवतात, रक्तातली साखरही वाढवतात आणि झोप उडवतात. आपल्या वस्तीत रक्तदाबाचे आणि साखरेचे रुग्ण काही कमी नाहीत. सकाळी रक्तदाब मोजायला बसले की मी आता गोळी घेतली का हे विचारते, आणि रात्री झोप लागली का हेही विचारते. एक काका म्हणाले, "कुठची झोप! ग्रुपवर एकाची जिरवत होतो दोन वाजेपर्यंत." त्यांचा वरचा आकडा त्या दिवशी १७० होता. ज्याची जिरवायची होती तो कुठल्या गावचा, हेही काकांना माहीत नव्हते.

समोरच्यावर दोष ठेवून तो बदलतो का, हाही आरोग्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूचे व्यसन असलेल्या रुग्णांबद्दल एक लेख लिहिला. दारुड्याला तोंडावर दोष दिला की तो दारूची बाजू घेऊन बोलू लागतो, आणि बोलता बोलता त्याचे दारूवरचे मन आणखी घट्ट होते, असे त्यांनी मांडले. उलट त्यालाच विचारले, ऐकून घेतले, तर दारू सोडण्याची कारणे तो स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो. पुढे त्यांनी आणि स्टीफन रोलनिक यांनी याची रीतसर पद्धत तयार केली. आज जगभर व्यसनमुक्तीच्या कामात ती वापरतात. आपल्याकडच्या बायांना हे लेखाशिवायच ठाऊक आहे. "पिऊन आला" म्हणून रात्री भांडलेल्या घरात दुसऱ्या दिवशी दारू सुटलेली मी तरी पाहिली नाही.

आपल्याच माणसांची गोष्ट

हे फक्त लसीपुरते नाही. वऱ्हाडात कावीळ झाली की आजही काही घरांत "उतरवायला" नेतात. साप चावला की काही जण आधी मांत्रिकाकडे धावतात. आपल्या बौद्ध घरांतही हे पूर्ण थांबलेले नाही. एखादी तरुण सून लेकराच्या गळ्यातल्या गंड्याचा फोटो टाकते, आणि मग आपणच तिच्यावर तुटून पडतो. "बावीस प्रतिज्ञा विसरलात का?" "तुम्ही बौद्ध म्हणवता?" सगळे अनोळखी, सगळे बरोबर, आणि सगळे एका बाईविरुद्ध.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या त्या प्रतिज्ञा माझ्याही घरात भिंतीवर आहेत. गंड्याने आजार जात नाही, हे मी दहा जणांत सांगते. पण शिव्या खाल्ल्यावर ती सून काय करते? गंडा तोडत नाही. फोटो काढून टाकते. पुढच्या वेळी लेकरू आजारी पडले की कोणालाच सांगत नाही. आपण तिला अंधश्रद्धेतून बाहेर काढत नाही, आपल्या नजरेतून बाहेर काढतो. आणि आजारात लपवाछपवी म्हणजे उशीर. काविळीत बाळ सुस्त पडत असेल, दूध ओढत नसेल, तर उशीर जिवावर येतो. सापाच्या विषावर उपाय एकच, दवाखान्यातली प्रतिविषाची सुई, आणि तिथे तर एकेक मिनिट मोलाचे असते.

त्या सुनेला एका बाईने खासगीत एवढेच लिहिले असते, "बाळाला काय होतंय गं? दूध पितं का? डोळे पिवळे दिसतात का? चल, मी सोबत येते," तर गंडा गळ्यात असतानाही बाळ दवाखान्यात पोहोचले असते. गंड्याचे नंतर बोलता येते. आधी बाळ.

तथागतांचे बोलणे

हे मी आजच्या शास्त्रातून सांगते आहे, पण आपल्या धम्मात ते अडीच हजार वर्षांपासून आहे. मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे. अभयने तथागतांना विचारले, दुसऱ्याला न आवडणारे शब्द आपण कधी बोलता का? अभयच्या मांडीवर लहान मूल होते. तथागतांनी उलट विचारले, या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला या बाळाची करुणा आहे. तेव्हा तथागतांनी सांगितले की खरे, हिताचे असे बोलणे ऐकणाऱ्याला न आवडणारे असले तरी ते बोलतात, पण त्यासाठी योग्य वेळ पाहतात. (नर्स म्हणून एक सांगून ठेवते. आजच्या प्रथमोपचारात घशातली वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते.)

या गोष्टीतून मी दोन गोष्टी घेते. एक, करुणा म्हणजे गोड बोलणे नव्हे. खडा आहे तर तो काढायलाच हवा. लस न देणे धोक्याचे आहे, हे त्या बाईला सांगायलाच हवे होते. दुसरी, खडा काढायला बाळाला मांडीवर घ्यावे लागते. लांबून दगड मारून खडा निघत नाही. मी लांबून दगड मारला होता.

दुसरी गोष्ट आपल्या विहारात अनेकदा ऐकलेली. एक ब्राह्मण रागाने येऊन तथागतांना शिव्या देऊ लागला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्याकडे पाहुणे येतात, त्यांच्यापुढे तू जेवण ठेवतोस, आणि त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तसेच तुझ्या शिव्या मी घेत नाही. मोबाईलवर रोज असली ताटे आपल्यापुढे येतात. प्रत्येक ताट जेवलेच पाहिजे असे कोणी सांगितले?

आग कुठवर जाते

कोणी म्हणेल, ग्रुपवरच्या दोन शब्दांनी काय होते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झाले ते आठवा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर मोबाईलवर फिरत होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भटके, गरीब, आपल्यासारखेच उपेक्षित. मारणाऱ्यांनी त्यांना एवढे जरी विचारले असते की बाबांनो, तुम्ही कुठले, कशाला आलात, आणि उत्तर ऐकायला थांबले असते, तर ती माणसे घरी गेली असती. त्या महिन्यात अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

लांब कशाला? आपल्या अकोल्यात १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल पेटली. दगडफेक झाली, गाड्या जाळल्या, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले आणि एका माणसाचा जीव गेला. शहरात जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. पोरे पोटापाण्याचे काम बुडवून घरात बसली. ज्याला साखरेची गोळी आणायची होती त्याला रस्ता बंद होता. लिहिणारे आणि चिडणारे कोण होते, हे वस्तीला कळायच्या आधी भोगणे वस्तीच्या वाट्याला आले.

गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणी लस घेतलेली नसेल, तर बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. म्हणून शंभरातल्या किमान पंच्याण्णव मुलांना लस लागते, तेव्हा साथ थांबते. तिरस्काराचेही तसेच आहे. प्रत्येकाला थांबवता येणार नाही, पण ग्रुपमध्ये थांबणारी माणसे पुरेशी असली की मजकूर पुढे सरकत नाही.

मग शिव्या ऐकून घ्यायच्या का?

हा प्रश्न आमच्या विहारातल्या एका कॉलेजच्या पोराने मला विचारला, आणि तो रास्त आहे. मोबाईलवर आपल्याला जातीवरून बोलतात, बाबासाहेबांच्या फोटोची विटंबना करतात. "तिथेही करुणा का, ताई?"

उत्तरासाठी महाडला जाऊ. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवाच ती. त्यावरून आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, जेवण मातीत मिळवले गेले. आपले शेकडो लोक उलटवार करायला तयार होते, फक्त बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण ते गप्पही बसले नाहीत. खटला झाला आणि हल्लेखोरांतल्या काहींना शिक्षाही झाली. हात आवरला, हक्क सोडला नाही.

म्हणून मी पोरांना सांगते, दवाखान्यात जशी रुग्णांची वर्गवारी करतात तशी इथे करा. पहिला, भीतीने किंवा दुखऱ्या अनुभवाने बोलणारा. त्याला विचारा, ऐका, वेळ द्या. दुसरा, चुकीची माहिती कानावर पडलेला. त्याला चारचौघांत न पाडता खरी माहिती द्या. तिसरा, जाणूनबुजून विष पेरणारा. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला तुमचा रागच हवा असतो. तारीख, नंबर, नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चार जणांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी केलेला अनादरही गुन्ह्यात घेतला आहे. १४५६६ हा अत्याचारविरोधी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्या माणसाबद्दल मनात द्वेष न ठेवता त्याच्यावर कायद्याने कारवाई करता येते.

चूक होते ती कुठे? आपण पहिल्याला तिसरा समजतो. घाबरलेल्या आईला शत्रू समजतो. त्या रात्री मी तेच केले.

मी आता काय करते

आता मी पाच गोष्टी पाळते. तुम्हीही घरात करून पाहा.

१. अंगात कढ आला की फोन पालथा ठेवते आणि स्वतःची नाडी मोजते. मनगटावर तीन बोटे, पूर्ण एक मिनिट. नेहमीपेक्षा वाढलेली असेल तर उत्तर लिहीत नाही. पाणी पिते, अंगणात चार पावले चालते. आनापान येत असेल तर पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या.

२. मजकूर दोनदा वाचते. दुसऱ्या वाक्यात काय आहे ते शोधते. बहुतेक वेळा खरा प्रश्न तिथेच असतो.

३. उत्तराआधी प्रश्न विचारते, आणि शक्यतो ग्रुपवर न विचारता त्या एकट्या माणसाला विचारते. "ताई, आधी काही त्रास झाला होता का?" "दादा, हे तुम्ही कुठे ऐकलं?" एवढे पुरते.

४. खरे ते सगळे सांगते, आपल्या सोयीचे तेवढेच नाही. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवड्याभराने हलका ताप येऊ शकतो, बारीक पुरळ येऊ शकते, सुईची जागा दुखू शकते. हे आधी सांगितले की आई घाबरत नाही. काहीच होत नाही म्हणून सांगितले आणि ताप आला, की पुढच्या सुईला ती येत नाही. आणि काही झाले तर कोणाकडे यायचे, तेही सांगते. त्या बाईला एवढेच हवे होते.

५. मजकुरावर दोन बाणांची खूण असेल, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. तो माझ्या हातून पुढे जात नाही.

रात्री दहानंतर मी ग्रुप बघत नाही. वाद डोक्यात घोळत राहिला, झोप उडाली, छातीत धडधड होत राहिली, तर घरात बोला. घरात बोलता येत नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. यात लाजण्यासारखे काही नाही.

सगळे बदलतात असे मी म्हणणार नाही. नीट विचारूनही काही जण मला उलट बोलतात, काही लस देत नाहीत. पण दार उघडे राहते. सहा महिन्यांनी त्याच घरातली बाई रस्त्यात थांबवून विचारते, "सिस्टर, ते तुमी म्हनत होत्या ते कसं काय हाय?" हिणवले असते तर ती रस्ता बदलून गेली असती.

त्या दिवशी त्या घरात मी लसीची यादी बाजूला ठेवली आणि तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली. मोठ्या मुलीच्या मांडीवर चिऱ्याचा व्रण अजून आहे, तो तिने मला दाखवला. मी तो बोटाने चाचपून पाहिला, जे काम सात-आठ वर्षांपूर्वी कोणीतरी करायला हवे होते. मग तिनेच विचारले, "याची सुई राहिली हाय ना, आता देता येते का?" त्याची आणि तिच्या बहिणीच्या बाळाची, दोघांची राहिलेली लस पुढच्या बुधवारी झाली. बहिणीच्या बाळाला ताप येईल हे आधी सांगितले होते. आठव्या दिवशी ताप आला. तिचा फोन आला, "सिस्टर, तुमी म्हनलं तसाच आला." ती घाबरलेली नव्हती.

त्या मुलाला आता कानाचे यंत्र बसवायचे आहे, त्याची धावपळ सुरू आहे. त्याच्याशी बोलताना मी उजव्या बाजूला बसते. रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर कोणी अनोळखी माणूस मला पटणार नाही असे काहीतरी लिहितो, आणि माझी बोटे अजूनही चटकन उत्तराकडे जातात. तेव्हा मी मनगटावर तीन बोटे ठेवते.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.